सभेत बोलायचे आहे? आधी कीर्तन ऐका

१५ ऑगस्ट २०२२ ची गोष्ट. झेंडावंदन झाले, मुलांना गोळ्या-बिस्किटे वाटून झाली आणि शाळेच्या व्हरांड्यातच ग्रामसभा बसली. आमचे गाव बीड जिल्ह्यातले, बालाघाटाच्या उतारावरचे. गावाच्या खालच्या अंगाला नदीवर कोल्हापुरी पद्धतीचा बंधारा आहे आणि त्याची निम्मी दारे तेव्हा जागेवर नव्हती. काही गंजून चाळण झाली होती, काही भंगाराच्या वाटेने गेली होती. दारे बसवा, एवढेच मला सभेत सांगायचे होते. सांगायला उभा राहिलो आणि पंचवीस मिनिटांनी खाली बसलो, तेव्हा व्हरांडा निम्मा रिकामा झालेला होता. ग्रामसेवकांनी इतिवृत्तात एक ओळ लिहिली, 'बंधाऱ्याच्या विषयावर चर्चा झाली.' ठराव नाही, काही नाही.

कोल्हापुरी बंधारा ज्यांनी पाहिला नसेल त्यांच्यासाठी थोडे सांगतो. नदीच्या पात्रात ओळीने खांब उभे असतात आणि खांबांच्या खाचांत दारे सरकवायची असतात. पावसाळ्यात दारे काढून ठेवायची, म्हणजे पूर आणि गाळ निघून जातो. पावसाळा सरत आला, पण पात्रात पाणी वाहते आहे, तेवढ्यात दारे घालायची, म्हणजे ते वाहते पाणी अडते. दसऱ्याच्या आगेमागे दारे बसली तर बंधारा भरतो. दिवाळी उलटल्यावर बसवली तर अडवायला पाणीच उरत नाही. म्हणून जे काही ठरायचे ते ऑगस्टच्या सभेत ठरले पाहिजे. २ ऑक्टोबरच्या सभेत ठराव करून दारे बनवायची कधी आणि बसवायची कधी? त्या वर्षी पाऊस चांगला झाला. नदी दिवाळीपर्यंत वाहत होती. मी रोज शेतावर जाताना ते पाणी जाताना पाहत होतो.

असे काय बोललो होतो मी पंचवीस मिनिटे? आधी स्वातंत्र्यदिनाच्या शुभेच्छा. मग हैदराबाद मुक्तिसंग्राम. मग १९७२ चा दुष्काळ आणि त्यात खडी फोडायला गेलेले माझे वडील. तिथून रात्रीची वीज, पीकविमा, शेतरस्ता, आणि सगळ्यांत शेवटी बंधारा. एकही गोष्ट खोटी नव्हती, एकही गोष्ट बिनमहत्त्वाची नव्हती. पण लोकांनी गुरे सोडायची होती. बंधाऱ्याचे नाव निघाले तेव्हा मागून कोणीतरी म्हणाले, "तुमच्या विहिरीला पाणी पाहिजे म्हणून सगळ्या गावाला कशाला बसवून ठेवायलाव?" लोक हसले. मीही कसनुसा हसलो आणि खाली बसलो.

घरी आलो तर सौभाग्यवतीने पाण्याचा तांब्या पुढे केला आणि सरळ विचारले, "अहो, तुम्ही नेमकं काय मागत होतात?" ती व्हरांड्याच्या कडेला बायकांत बसलेली होती. पहिल्यापासून शेवटपर्यंत तिने ऐकले होते, आणि तिलाच कळले नव्हते.

आईने सांगितलेले कीर्तन

गोकुळाष्टमी जवळ आलेली, त्यामुळे गावात सप्ताह चालू होता. त्याच रात्री मारुतीच्या देवळापुढच्या मंडपात कीर्तन होते. मी रागाने गेलो नाही. आई गेली. सकाळी ओसरीवर वाती वळता वळता तिने मला ते सगळे कीर्तन सांगितले. अभंग कोणता होता, महाराजांनी शेवटचे चरण कसे सोडवले, मध्ये सुगरणीच्या घरट्याचा दृष्टांत कशासाठी दिला, सगळे ओळीने. आई शाळेत गेलेली नाही. वय सत्तरीच्या पुढे. दोन तासांचे कीर्तन तिने दुसऱ्या दिवशी जसेच्या तसे सांगितले, आणि माझी पंचवीस मिनिटे त्याच दुपारी माझ्या बायकोला सांगता आली नाहीत. फरक ऐकणाऱ्यांत नव्हता. फरक उभे राहून बोलणाऱ्यांत होता.

आपल्या जिल्ह्यात कीर्तन ऐकलेले नाही असे घर सापडायचे नाही. भगवानगड, नारायणगड, गहिनीनाथगड यांची परंपरा आहे, गावोगावचे सप्ताह आहेत. माणूस लहानपणापासून मांडीवर झोपत झोपत कीर्तन ऐकतो. पण ऐकताना आपण देवाकडे पाहतो, बांधणीकडे पाहत नाही. त्या सप्ताहात उरलेल्या रात्री मी मुद्दाम बांधणीकडे लक्ष ठेवून बसलो. देव क्षमा करील.

वारकरी कीर्तनात कीर्तनकार एकच अभंग घेतो. दोन नाही, तीन नाही. सुरुवातीला नामाचा गजर होतो, रूपाचा अभंग होतो, मग तो निरूपणाचा अभंग म्हटला जातो, आणि पुढचे दोन तास त्या चार-पाच चरणांच्या बाहेर कोणी जात नाही. म्हणजे जातो, पण परत येतो. ज्ञानेश्वरीतले प्रमाण घेतो, गाथेतले घेतो, बाजारातली गोष्ट सांगतो, आणि प्रत्येक फेरीनंतर ध्रुवपदाशी येऊन थांबतो. टाळकरी ते ध्रुवपद उचलतात, मृदंग चढतो, पेंगलेला माणूस जागा होतो. बरे, तो मधेच जागा झाला तरी त्याला विषय कळतो, कारण ध्रुवपद तेच असते. माझ्या भाषणाला ध्रुवपदच नव्हते. जो माणूस दहा मिनिटे तंबाखू मळायला बाहेर जाऊन आला, त्याला मी कशावर बोलतो आहे हे कळायची काही सोय मी ठेवलेली नव्हती.

नारदीय पद्धतीच्या कीर्तनात हीच शिस्त निराळ्या तऱ्हेने येते. आधी नमन, मग पूर्वरंगात विषयाचे निरूपण, मध्यंतराला भजन आणि बुक्का, आणि उत्तररंगात त्याच विषयाला पोषक असे आख्यान. शेवटी पुन्हा मूळ पदावर यायचे. पूर्वरंग लांबला तर उत्तररंगाला श्रोते उरत नाहीत, हे प्रत्येक हरिदासाला माहीत असते. मी स्वातंत्र्यदिनापासून शेतरस्त्यापर्यंत जे सांगितले तो सगळा पूर्वरंगच होता.

आणखी एक खुबी मला तिसऱ्या रात्री दिसली. श्रोत्यांच्या मनात जी शंका येणार, ती महाराज स्वतःच बोलून दाखवतात. "तुम्ही म्हणाल, महाराज, असं कसं होईल?" असे म्हणून विरोधी बाजू चांगली तिखट करून मांडतात, आणि मग तिचे उत्तर देतात. मागे बसलेल्या माणसाला खोडा घालायला जागाच राहत नाही, कारण त्याचा प्रश्न आधीच विचारला गेलेला असतो. 'तुमच्या विहिरीला पाणी पाहिजे' हा प्रश्न मी स्वतः आधी घेतला असता तर?

काल्याच्या दिवशी महाराज आमच्या शेजारी पंगतीला होते. मी धीर करून विचारले, तयारी कशी करता? त्यांनी भाकरीचा तुकडा मोडत सांगितले, "मी आधी शेवट ठरवतो. शेवटचं चरण कसं सोडवायचं आणि लोक घरी जाताना काय घेऊन जातील, ते पक्कं झालं की बाकीचं मागं मागं सापडत जातं. नवखा कीर्तनकार सुरुवात पाठ करून येतो आणि शेवटाला वाट चुकतो." मग थोडे थांबून म्हणाले, "आणि गाव कोणतं आहे ते बघावं लागतं. उसाच्या गावात सांगितलेला दृष्टांत कोरडवाहू गावात लागत नाही."

गाव आधी झाडणारा माणूस

गाव बघणे म्हणजे काय, ते गाडगेबाबांइतके कोणी दाखवले नाही. १८७६ साली अमरावती जिल्ह्यात शेणगावला जन्मलेले बाबा गावात शिरत ते हातात खराटा घेऊन. दिवसभर गाव झाडायचे आणि रात्री कीर्तन करायचे. लोक याला त्यांची विनम्रता म्हणतात, ती होतीच. पण बोलण्याच्या तयारीच्या दृष्टीने पाहा. ज्याने दिवसभर गल्ल्या झाडल्या त्याला त्या गावाची घाण कुठे साचते, पाणवठा कसा आहे, कोणाच्या दारात देवाच्या नावाने काय चालते, हे सगळे रात्रीपर्यंत ठाऊक झालेले असायचे. आणि समोर बसलेल्यांनाही ठाऊक असायचे की हा माणूस आपल्या गल्लीतून खराटा मारून आला आहे. मग ते कीर्तनात प्रश्न विचारायचे आणि लोकांकडून उत्तरे वदवून घ्यायचे. देवापुढे बकरे कापू नका, कर्ज काढून सण करू नका, मुलांना शाळेत घाला, हे त्यांनी लोकांच्याच तोंडून कबूल करून घेतले. सांगितलेली गोष्ट माणूस विसरतो, स्वतःच्या तोंडाने कबूल केलेली विसरत नाही. १९५६ च्या डिसेंबरात बाबा गेले, पण त्यांच्या कीर्तनाची तऱ्हा म्हाताऱ्या माणसांच्या बोलण्यात पुढे कितीतरी वर्षे येत राहिली.

दुसरे उदाहरण बीडकरांच्या अधिक जवळचे. क्रांतिसिंह नाना पाटील हे वाळवे तालुक्यातल्या येडे मच्छिंद्रचे, १९०० सालचा जन्म. साताऱ्याच्या प्रतिसरकारचे हे पुढारी १९६७ साली आपल्या बीड मतदारसंघातून लोकसभेवर निवडून गेले. कृष्णाकाठचा माणूस मराठवाड्यातून कसा निवडून येतो? पक्ष, चळवळ, त्या काळची हवा, ही सगळी कारणे आहेतच. पण त्यांची भाषणे हेही एक कारण असले पाहिजे. नाना पाटील चळवळीत पडण्याआधी तलाठी होते. सातबारा, शेतसारा, बांधाचे भांडण, सावकाराची वही यांची भाषा त्यांना बाहेरून शिकावी लागली नव्हती. सभेत ते शेतकऱ्याच्याच शब्दांत बोलत. पुस्तकी मराठीत बोलणारे पुढारी तेव्हाही पुष्कळ होते. लोक त्यांना मान देत आणि नानांना ऐकत.

लांबीविषयी परदेशातली एक गोष्ट आठवते. १९ नोव्हेंबर १८६३ रोजी अमेरिकेत गेटिसबर्ग येथे युद्धात पडलेल्या सैनिकांच्या दफनभूमीचा समारंभ होता. मुख्य वक्ते एडवर्ड एव्हरेट, मोठे नामांकित. ते सुमारे दोन तास बोलले. नंतर अध्यक्ष लिंकन उठले आणि दोन-तीन मिनिटांत बसले. आज जगभर शाळेत शिकवतात ते लिंकनचे भाषण. एव्हरेटसाहेबांनी स्वतः दुसऱ्या दिवशी पत्र लिहून लिंकनची वाखाणणी केली, हा त्यांचा मोठेपणा. माझ्या मनाला मोठेपणा एवढाच की मी ही गोष्ट पुढच्या भाषणात घातली नाही, जरी घालायचा मोह झाला होता.

दासोपंतांची पासोडी

पाहून चटकन कळेल असे काहीतरी लोकांपुढे धरावे, ही काही शहरातून आलेली नवी टूम नाही. आपल्याच जिल्ह्यात, अंबाजोगाईला, चारशे वर्षांपूर्वी हे झालेले आहे. दासोपंत १५५१ ते १६१५ या काळातले. लिहिण्याचा त्यांचा झपाटा असा की त्यांच्या 'गीतार्णवा'च्या ओव्या सव्वा लाख सांगतात, आणि त्यांना रोज एका ढब्बू पैशाची शाई लागे अशी आख्यायिका आहे. अशा माणसाला शब्दांची काय वाण? तरीही पंचीकरणासारखा अवघड वेदान्ताचा विषय मांडताना त्यांनी कागद सोडला आणि कापड घेतले. सुमारे चाळीस फूट लांबीच्या पासोडीवर त्यांनी ओव्या लिहिल्या आणि त्यांच्या जोडीला आकृत्या काढल्या. पाच महाभूतांपासून देह कसा बनतो हे नुसते ऐकून डोक्यात शिरणे कठीण. आकृती डोळ्यांपुढे असली की बोट ठेवून सांगता येते. पासोडी म्हणजे पांघरायचे जाड कापड. सव्वा लाख ओव्या लिहिणाऱ्याला जर चित्राची गरज वाटली, तर आपण कोण?

मात्र आकृती काढायची ती एका नजरेत कळेल अशी. हल्ली बैठकांत भिंतीवर यंत्राने अक्षरे पाडतात आणि साहेब आपल्याकडे पाठ करून तीच अक्षरे वाचून दाखवतात. वाचता तर आम्हालाही येते.

एक वर्षाची तयारी

आता पुन्हा बंधाऱ्याकडे येतो. २०२३ च्या उन्हाळ्यात मी घरच्यांच्या मदतीने तयारीला लागलो. सुरुवात सौभाग्यवतीनेच करून दिली. ती म्हणाली, "तुमच्या भाषणात आपली विहीर सात वेळा आली. गावाची विहीर एकदाबी नाही." मला पटकन उत्तर सुचले नाही. गावाच्या पाणीपुरवठ्याची विहीर बंधाऱ्याच्या फुगवट्याला लागूनच आहे. बंधारा भरला तर ती टिकते, नाही भरला तर आटते. हे गावात प्रत्येकाला माहीत आहे आणि मी ते बोललोच नव्हतो, कारण माझे लक्ष माझ्या हरभऱ्याकडे होते.

ती पुढे म्हणाली, "सभेत बसलेले निम्मे लोक कोयत्यावर जाणारे. त्यांना रानात पाणी आलं काय अन् नाही काय? त्यांना शेत हाय एकर-दीड एकर, तेबी माळावर." खरे होते. आमच्या गावातून दिवाळीनंतर घरेच्या घरे ऊसतोडीला जातात. नवरा-बायको मिळून एक कोयता. मुकादमाची उचल घेतलेली असते, कारखान्याचा पट्टा पडेपर्यंत परत येता येत नाही. २६ जानेवारीच्या सभेला हे लोक गावात नसतात. १५ ऑगस्टला असतात. त्यांच्याशी बोलायची संधी तीच. आणि ते परत येतात कधी? शिमग्याच्या पुढेमागे, नेमकी गावाची विहीर तळ गाठते तेव्हा. पाच महिने थंडीत फडावर राबून घरी यायचे आणि दारात रिकामी घागर. बंधाऱ्याच्या दारांचा खरा धनी तो ऊसतोड कामगार होता, आणि मी त्याला माझ्या विहिरीचा हिशेब सांगत होतो.

ते ध्यानात आल्यावर ध्रुवपद आपोआप मिळाले: 'कोयता परत येईल तेव्हा विहिरीत पाणी असावे.' यापुढे जे या वाक्याशी जोडता येईना ते मी गाळले. वीज गेली, विमा गेला, शेतरस्ता गेला. वडिलांची खडी गाळताना हात जड झाला, पण गाळली.

मग महाराजांनी सांगितल्याप्रमाणे शेवट आधी ठरवला. ग्रामसभेत शेवट म्हणजे ठराव. भाषण कितीही रंगले तरी ठरावाचे शब्द तयार नसले तर सभा 'चर्चा झाली' यावरच संपते. म्हणून ठरावाचा मजकूर मी घरीच चार ओळींत लिहून काढला: किती दारे, पैसा ग्रामपंचायतीचा किती आणि लोकवर्गणी किती, काम कोणत्या तारखेच्या आत. सूचक कोण आणि अनुमोदक कोण हे दोन माणसांशी आधी बोलून पक्के केले. अनुमोदकाला मुद्दाम कोयत्यावर जाणाऱ्यांपैकी एकाला विचारले. आणि विषय आठवडाभर आधी ग्रामसेवकांकडे लेखी दिला, म्हणजे तो विषयपत्रिकेवर येतो. आदल्या वर्षी मी 'ऐनवेळचे विषय' यात उभा राहिलो होतो, जेव्हा लोक चपला शोधत असतात. गणपूर्तीचाही विचार करावा लागतो. एकूण मतदारांच्या १५ टक्के किंवा १००, यांत जी संख्या कमी असेल तेवढे लोक हजर लागतात. ते भरले नाहीत तर सभा तहकूब होते आणि पुढची तारीख पडते. आणि आमच्या कामात तारीख पडणे म्हणजे पाणी जाणे.

सराव मी गोठ्यात केला. बैलांपुढे. पहिल्या खेपेला घड्याळात सतरा मिनिटे झाली. कापत कापत सातवर आणली. बैलांनी हरकत घेतली नाही, पण सौभाग्यवतीने घेतली. म्हणाली, पहिलं वाक्य आणि शेवटचं वाक्य पाठ करा, मधलं तुम्हाला येतंच. हा सल्ला फार उपयोगी पडला. सगळे भाषण पाठ केले तर एक शब्द निसटला की माणूस खांबासारखा उभा राहतो, आणि कागद वाचला तर डोळे कागदात राहतात. मी वहीच्या पुठ्ठ्यावर फक्त पाच शब्द लिहिले: कोयता, विहीर, दारे, चोरी, ठराव.

'चोरी' हा शब्द शंकेसाठी होता. नवी दारे पुन्हा भंगारात गेली तर? हा प्रश्न येणारच, म्हणून त्याचे उत्तर शोधून ठेवले. पावसाळ्यात दारे नदीकाठी न ठेवता शाळेजवळच्या ग्रामपंचायतीच्या खोलीत ठेवायची, मोजून, दोघांच्या सहीने.

आणि पासोडी? मुलगी आठवीत होती. जुन्या धोतराचे पान घेऊन तिने निळीने नदी काढली, काळ्या रंगाने बंधाऱ्याचे खांब, काठाला विहीर. खाली दोन पट्टे. दारे पुरी होती त्या वर्षी विहीर अक्षय्य तृतीयेपर्यंत गेली तो लांब पट्टा, आणि या वर्षी होळीलाच संपली तो आखूड पट्टा. तिला अंक घालायचे होते. मी नको म्हटले. पट्टे पुरेत.

१४ आणि १५ ऑगस्ट

ग्रामसभेपूर्वी महिलांची सभा घ्यायची असते. पुष्कळ गावांत ती सह्यांपुरती होते. आमच्याकडे १४ ऑगस्ट २०२३ ला ती झाली आणि सौभाग्यवती तीत उभी राहिली. मी अर्थात तिथे नव्हतो. बचत गटातल्या बायकांनी नंतर सांगितले ते असे की ती चार मिनिटेसुद्धा बोलली नाही. तिने एवढेच विचारले, "शिमग्यानंतर कुणाकुणाच्या घरी पाणी विकत घेतलं, हात वर करा." हात वर झाले. "कितीचं घेतलं?" प्रत्येकीने आपापला आकडा सांगितला, आणि आकडे ऐकून त्याच एकमेकींकडे पाहू लागल्या. मग ती म्हणाली की दारे बसली तर हे पैसे घरात राहतील, उद्या सभेला या आणि उठून जाऊ नका. झाले. गाडगेबाबांचे नाव तिने घेतले नाही, पण रीत तीच.

दुसऱ्या दिवशी व्हरांड्यात बायका आधी येऊन बसलेल्या होत्या. ऑगस्ट कोरडा चालला होता, लोकांचे चेहरे उतरलेले. माझा विषय तिसरा. कापड खिळ्याला अडकवले आणि पहिले वाक्य बोललो, "पुढच्या शिमग्याला कोयता परत येईल तेव्हा गावाच्या विहिरीत पाणी असेल की नाही, हे आज ठरणार आहे." मागचे दोघे उठत होते ते बसले. पुढे काय काय बोललो ते ओळीने आठवत नाही. पुठ्ठ्यावरच्या शब्दांप्रमाणे बोललो. 'तुम्ही म्हणाल, याला त्याच्या हरभऱ्याचं पडलंय,' असे मीच म्हटले, आणि 'पडलंय, खोटं कशाला बोलू, पण विहीर आधी,' असेही म्हटले. आदल्या वर्षी टोमणा मारणारा गडी या खेपेला हसला, पण बोलला नाही. चोरीचा प्रश्न मी घेण्याआधी एका म्हाताऱ्यांनी विचारला, तेवढा एक डाव माझा हुकला. उत्तर तयार होते. नवव्या मिनिटाला ठराव वाचला. सातचे नऊ झालेच. सूचक उठले, अनुमोदक उठले, बायकांनी हात वर केले.

आईला संध्याकाळी विचारले, कसे झाले? ती म्हणाली, "ध्रुवपद कळलं. चाल जरा रडकी होती."

पुढे सप्टेंबरात गणपती बसले त्याच आठवड्यात दारे आली. सव्वीस हवी होती, बावीस आली. वर्गणीत तेवढीच बसली. बंधारा त्या वर्षी काठोकाठ भरला नाही, पाऊसच कमी झाला होता. पण जे वाहत होते ते बरेचसे अडले. चार रिकाम्या खाचांत आम्ही मातीच्या गोण्या रचल्या, आणि गोण्या वाहायला टोमणेवाला गडीही होता. उरलेल्या चार दारांचा विषय २ ऑक्टोबरच्या सभेसाठी आम्ही लगेच लेखी देऊन टाकला. मांडणाऱ्याचे नाव लिहायची वेळ आली तेव्हा मी पेन सौभाग्यवतीच्या हातात दिले.